मतदारसंघाचा सातबारा कसा वाचायचा?

जुन्या नाशकात, तिवंध्याजवळ आमचं घर आहे. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मतदार ओळखपत्र अजून त्यांच्या पाकिटात असतं. लॅमिनेशनचा एक कोपरा सुटलेला, फोटो काळवंडलेला. मतदारसंघाच्या रकान्यात नुसतं 'नाशिक' लिहिलंय. माझ्या कार्डावर त्याच रकान्यात 'नाशिक मध्य' आहे. आमचं घर जागचं हललेलं नाही. आत्या रामकुंडाच्या पलीकडे पंचवटीत राहते, चालत गेलं तर पंधरा मिनिटं. तिचा आमदार वेगळा, कारण ती 'नाशिक पूर्व'ची.

निवडणूक आली की टीव्हीवर सांगतात, 'हा मतदारसंघ अमुक पक्षाचा बालेकिल्ला'. पारावर कोणीतरी म्हणतो, 'छे, बच्छाव ताई आल्या होत्या ना निवडून काँग्रेसच्या!' दोघंही खरं बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या जमिनीबद्दल. २००४ला शोभा बच्छाव ज्या 'नाशिक'मधून निवडून आल्या, तो मतदारसंघ आज अस्तित्वातच नाही. आता मतदारसंघांच्या पुनर्रचनेची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे, तर आधीच्या पुनर्रचनेने आपल्या जिल्ह्यात काय उलथापालथ केली ते एकदा नीट बघू. ते कळलं नाही तर निकालांचे जुने आकडे वाचणं म्हणजे फेरफार न बघता सातबारा वाचणं.

सर्व्हे नंबर आणि गट नंबर

ज्यांच्याकडे शेती आहे त्यांना हे लगेच कळेल. एकत्रीकरण झालं तेव्हा जुने सर्व्हे नंबर गेले आणि गट नंबर आले. आजोबांच्या कागदावर सर्व्हे नंबर ११२ आणि आजच्या उताऱ्यावर गट नंबर ११२ असला, तरी जमीन तीच असेल असं कोणी धरून चालत नाही. मधला फेरफार काढून बघतात, कोणता तुकडा कुठे गेला ते.

मतदारसंघाचंही तसंच. मतदारसंघ म्हणजे तालुका नव्हे, गाव नव्हे, शहरही नव्हे. एक आमदार निवडण्यापुरती नकाशावर मारलेली रेघ, एवढंच. ती रेघ मधूनमधून पुसून नव्याने ओढतात, त्याला पुनर्रचना म्हणायचं. हे काम केंद्राने नेमलेला स्वतंत्र आयोग करतो. महाराष्ट्रात शेवटची रेघ ओढली न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने. २००२च्या कायद्याने नेमलेला हा आयोग, त्याचा आराखडा २००८ला लागू झाला आणि ऑक्टोबर २००९ची विधानसभा निवडणूक आपण पहिल्यांदा नव्या सीमांवर लढवली. त्याआधीच्या सीमा १९७१च्या जनगणनेवर आखलेल्या होत्या आणि १९७८ पासून २००४ पर्यंत त्याच चालल्या. सातपूर-अंबडच्या कारखान्यांभोवती वस्त्या वाढल्या, सिडकोच्या एकामागून एक सहा स्कीम उभ्या राहिल्या, १९८२ला महापालिका झाली, तरी मतदारसंघाची रेघ जिथल्या तिथे होती.

चौदाचे पंधरा कसे झाले

आकडेमोड पाचवीच्या पोराला जमेल इतकी सोपी आहे. राज्याची लोकसंख्या भागिले विधानसभेच्या जागा. महाराष्ट्रात जागा २८८. १९७१ला राज्याची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती, म्हणजे एका जागेमागे सुमारे पावणेदोन लाख माणसं. नाशिक जिल्हा तेव्हा २३ लाख ६९ हजारांचा. भागाकार येतो साडेतेरा, जागा मिळाल्या चौदा.

२००१ला राज्य ९ कोटी ६९ लाखांवर गेलं. जागा २८८च राहिल्या, त्यामुळे एका जागेमागे ३ लाख ३६ हजार. नाशिक जिल्हा जवळजवळ ५० लाखांचा झाला होता. भागाकार १४.८, जागा पंधरा.

यात माणसं मोजतात, मतदार नाही. दुपट्यातलं बाळही मोजलं जातं. म्हणून दोन मतदारसंघांत मतदारांचे आकडे बरेच वेगळे दिसले तरी त्यात लगेच कट शोधायचं कारण नाही.

आता याच भागाकाराने शहराकडे बघा. २००१ला नाशिक महापालिकेच्या हद्दीत १० लाख ७७ हजार माणसं होती. ३ लाख ३६ हजारांनी भागलं तर तीन पूर्ण मतदारसंघ आणि वर थोडं उरतं. म्हणून एका 'नाशिक'चे पूर्व, मध्य आणि पश्चिम असे तीन झाले. उरलेला तुकडा, म्हणजे नाशिकरोडकडचा काही भाग, देवळालीत गेला.

पण जिल्ह्याला जास्तीची जागा मिळाली एकच आणि शहराच्या जागा वाढल्या दोन. म्हणजे ग्रामीण भागातून कुठून तरी एक जागा जाणार होती. ती सुरगाण्याची गेली.

पुसलेली रेघ: सुरगाणा

मला विचाराल तर पूर्ण जिल्ह्याच्या निवडणूक इतिहासात हा सगळ्यात मोठा फेरफार आहे आणि शहरातल्या चर्चेत त्याचं नावही निघत नाही.

सुरगाणा म्हणजे गुजरातच्या सीमेवरचा आदिवासी तालुका. भात, नागली, डोंगरउतार, पावसाळ्यात धो धो आणि उन्हाळ्यात हंड्यांची रांग. इथून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे जीवा पांडू गावित १९७८ पासून निवडून येत होते. मधला १९९५चा पराभव सोडला तर २००४ पर्यंत जागा त्यांचीच. वनजमिनीच्या हक्काचा प्रश्न घेऊन २०१८च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला पायी निघालेला लाल मोर्चा आठवत असेल. त्याच्या पुढाऱ्यांमध्ये तेही होते.

शेजारचं कळवण गिरणाकाठचं. कांदा, डाळिंब, बऱ्यापैकी पाणी. तिथे ए. टी. पवारांचं वजन. अनेकदा आमदार, मंत्री.

२००८ला सुरगाणा मतदारसंघ म्हणून संपला आणि तालुका कळवणला जोडला. म्हणजे दोन विद्यमान आमदार, दोन घट्ट बांधलेले मतदारवर्ग आणि खुर्ची एक. २००९ला पवार जिंकले. २०१४ला गावित. पवार गेल्यावर २०१९ला आणि २०२४ला त्यांचे चिरंजीव नितीन पवार यांनी गावितांना हरवलं.

आता एखादा तक्ता उघडा. त्यात 'कळवण' हे नाव आधीही आहे, नंतरही आहे. वाचणाऱ्याला वाटेल, कळवणमध्ये २०१४ला अचानक कम्युनिस्ट कुठून उगवले? ते उगवले नाहीत. सुरगाण्यातली मतं रेघ ओलांडून आली. लोक बदलले नव्हते, त्यांचा विचारही बदलला नव्हता. घर तेच, उंबरा दुसऱ्याचा.

नाव गेलं, मुलूख राहिला आणि उलटंही

मालेगावात दुसरीच तऱ्हा. तिथे आधी 'मालेगाव' आणि 'दाभाडी' असे दोन मतदारसंघ होते. ते झाले 'मालेगाव मध्य' आणि 'मालेगाव बाह्य'. दादाजी भुसे २००४ला दाभाडीतून अपक्ष निवडून आले आणि २००९ पासून मालेगाव बाह्यमधून शिवसेनेचे. कागदावर दोन वेगळे मतदारसंघ, पण राजकारणाचा धागा एकच. शहराभोवतालच्या गावांचा हा मुलूख, सीमा इकडे-तिकडे झाल्या तरी बराचसा तोच राहिला. इथे नुसतं नाव बघून इतिहास २००९ला तोडला तर तीही चूकच.

येवल्याचं तिसरंच. नाव एका तालुक्याचं, मतदारसंघ दोन तालुक्यांतला. पूर्ण येवला तालुका आणि निफाड तालुक्यातला लासलगाव-विंचूर भाग. तिथले लोक म्हणूनच 'येवला-लासलगाव मतदारसंघ' असं जोडनाव घेतात. छगन भुजबळ इथून २००४ पासून सलग पाच वेळा जिंकले. पहिली निवडणूक जुन्या सीमांवर, पुढच्या चार नव्या. त्यांचं मताधिक्य २०१४ला ४६,४४२, २०१९ला ५६,५२५ आणि २०२४ला २६,४०० असं झालं. हे तीन आकडे एकाच रेघेच्या आतले आहेत, म्हणून त्यांची तुलना करता येते. येवल्याच्या पैठणीवाल्याचं दुखणं वेगळं आणि लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर लावून बसलेल्या कांदेवाल्याचं वेगळं. 'येवल्याने कौल दिला' असं म्हणताना त्यात लासलगावचाही कौल मोजलेला असतो.

सिन्नरला तर इगतपुरी तालुक्यातला टाकेदचा भाग जोडलाय. तहसील इगतपुरीत आणि आमदार सिन्नरचा. कोणत्या कामाला कुठे जायचं, हे तिथल्या माणसाला बरोबर पाठ असतं. नव्या सुनेला शिकवावं लागत असेल.

'पण आमच्याकडे अमक्याचा गड आहे!'

नाशिककराने 'गडावर चाललो' म्हटलं की ते सप्तशृंगीला. तो गड हलत नाही. राजकारणातल्या गडांचं मात्र काही सांगता येत नाही.

२००९ला शहरात तीन कोऱ्या जागा तयार झाल्या. पूर्वमधून उत्तमराव ढिकले, मध्यमधून वसंत गिते, पश्चिममधून नितीन भोसले. तिघंही मनसेचे. त्या वर्षी मनसेचे राज्यात तेरा आमदार आले, त्यातले तीन एकट्या नाशिक शहरातून. २०१२ला महापालिकेतही मनसे १२२ पैकी ४० जागा घेऊन सगळ्यांत मोठा पक्ष ठरली. तेव्हा सगळे म्हणत होते, नाशिक हा मनसेचा गड.

२०१४ला त्याच तीन जागांवर बाळासाहेब सानप, देवयानी फरांदे आणि सीमा हिरे. तिघंही भाजपचे. २०१९ला पूर्वमधला उमेदवार बदलला, पक्ष नाही. २०२४लाही तिन्ही भाजपकडेच.

आता जरा जवळून बघा. ढिकले मनसेचे होण्याआधी शिवसेनेचे खासदार होते. २०१९ पासून नाशिक पूर्वचे भाजपचे आमदार आहेत राहुल ढिकले, त्यांचेच चिरंजीव. ज्या सानपांनी २०१४ला भाजपकडून पूर्वची जागा जिंकली, ते २०१९ला उमेदवारी नाकारल्यावर राष्ट्रवादीकडून उभे राहिले आणि हरले. वसंत गिते २०२४ला नाशिक मध्यमध्येच लढले, पण उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेकडून, आणि हरले. मग गड कोणाचा? घराण्याचा म्हणावं तर सानप-गिते यांचं उत्तर द्यावं लागतं. पक्षाचा म्हणावं तर मनसेचं. माझं मत विचाराल तर, चार निवडणुकांच्या वयाच्या मतदारसंघाला 'परंपरागत' हा शब्द लावणं म्हणजे मिसरूड न फुटलेल्या पोराला आजोबा म्हणणं.

एक मात्र वाटतं. नव्या रेघा पडतात तेव्हा तिथे विद्यमान आमदार नसतो, कोणाची बूथवरची माणसं पक्की बसलेली नसतात. अशा वेळी नव्या पक्षाला शिरायला फट मिळते. २००९ला मनसेच्या लाटेला ही फट उपयोगी पडली असणार. लाट होतीच, पण बंधारा बांधायला कोणाला वेळ मिळाला नव्हता.

'रेघ ओढताना राजकारण झालं नसेल कशावरून?'

रास्त प्रश्न. आयोगाचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश, सोबत निवडणूक आयोगाचे प्रतिनिधी आणि राज्य निवडणूक आयुक्त. प्रत्येक राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात. ते बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती मागवतात, सुनावण्या होतात. अंतिम आदेश मात्र न्यायालयात सहसा टिकाव धरतो, कारण घटनेनेच त्याला संरक्षण दिलंय. नाहीतर प्रत्येक निवडणुकीआधी शंभर दावे पडले असते.

नियमही लिहिलेले आहेत. मतदारसंघ सलग असावा, नदी-डोंगर, तालुक्याच्या हद्दी, रस्ते यांचा विचार व्हावा, एक विधानसभा मतदारसंघ पूर्णपणे एकाच लोकसभा मतदारसंघात बसावा. राखीव जागांचेही नियम आहेत. अनुसूचित जमातींसाठी, जिथे त्यांचं प्रमाण सर्वाधिक त्या जागा. म्हणून आपल्याकडे बागलाण, कळवण, दिंडोरी आणि इगतपुरी. अनुसूचित जातींसाठी प्रमाण बघायचंच, पण जागा राज्यभर विखुरलेल्याही हव्यात. जिल्ह्यात ती देवळाली.

तरीही नियमांत हाताला थोडी मोकळीक असतेच. एखादं महसूल मंडळ, म्हणजे काही गावांचा गट, या बाजूला गेलं काय आणि त्या बाजूला गेलं काय, दोन्ही नियमात बसतं, पण एखाद्याचं मताधिक्य जातं. तेव्हा संशय पूर्ण खोटा नाही. पण सुरगाण्याचं बघितलं तर, तिथे कोणाचा डाव होता याहून भागाकाराचा जोर मोठा होता. शहर फुगलं, डोंगर फुगला नाही.

'लोकसभेला लीड होतं, विधानसभेला कुठे गेलं?'

इथे दोन नकाशे एकावर एक ठेवावे लागतात. जिल्ह्यातल्या पंधरा जागा तीन लोकसभा मतदारसंघांत वाटलेल्या आहेत. नाशिक आणि दिंडोरीत सहा-सहा. मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण या तीन धुळ्यात, धुळे जिल्ह्यातल्या तीन जागांबरोबर. २००८च्या आधी 'मालेगाव' नावाचा लोकसभा मतदारसंघही होता, तो गेला आणि दिंडोरी आला. कसमादे पट्ट्याचं, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळ्याचं, एकसंध राजकारण त्या दिवशी दोन लोकसभांत फाटलं.

२०२४च्या मे महिन्यात धुळ्यात काय झालं? सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भाजपचे सुभाष भामरे पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यने शोभा बच्छाव यांना दीड-पावणेदोन लाखांच्याही पुढची आघाडी दिली आणि त्या ३,८३१ मतांनी खासदार झाल्या. होय, त्याच बच्छाव ताई, २००४च्या 'नाशिक'च्या.

सहा महिन्यांनी विधानसभा. मालेगाव मध्यमध्ये एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल फक्त १६२ मतांनी जिंकले, राज्यातलं सगळ्यात कमी मताधिक्य. बागलाणमध्ये भाजपचे दिलीप बोरसे १ लाख २९ हजारांवर मतांनी जिंकले. एकाच लोकसभेतले दोन मतदारसंघ. लोकसभेला मालेगाव मध्य एका बाजूला झुकलं, कारण समोर दोनच वाटा होत्या. विधानसभेला त्याच मतांत स्थानिक नेत्यांची वाटणी झाली. लोकसभेचं लीड म्हणजे लग्नातली पंगत. विधानसभा म्हणजे रोजचं ताट, तिथे कोण किती वाढतं हे ज्याचं त्यालाच माहीत.

पुढची वाटणी

१९७६ला जागांची संख्या गोठवली. २००१च्या ८४व्या घटनादुरुस्तीने ती गोठवणूक २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. कुलदीप सिंग आयोगाने म्हणूनच राज्याच्या २८८ जागांना हात न लावता आतल्या आत रेघा हलवल्या. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली, म्हणून ही चर्चा पुन्हा पेटली.

२०११च्या आकड्यांवर नुसता सराव करून बघा. राज्य ११ कोटी २४ लाख, भागिले २८८, एका जागेमागे ३ लाख ९० हजार. जिल्हा ६१ लाख ७ हजार, म्हणजे १५.६. सोळावी जागा दारात उभी. शहर १४ लाख ८६ हजार, म्हणजे ३.८. सोळावी जागा कोणाकडे झुकेल हे सांगायला ज्योतिषी नको. आणि हे आकडेही आता जुने झाले. राज्याच्या एकूण जागा वाढल्या तर भागाकारातला खालचा आकडाच बदलेल, मग आजची कोणतीही बेरीज-वजाबाकी धरून बसू नये.

महिला आरक्षणही याच गाडीला जोडलं गेलं. २०२३च्या १०६व्या घटनादुरुस्तीने एकतृतीयांश जागा महिलांसाठी राखीव ठेवायचं ठरवलं आणि ते पुनर्रचनेनंतर, असं लिहिलं. पंधरा जागांच्या हिशोबाने पाच. सध्या जिल्ह्यात महिला आमदार तीन आहेत, फरांदे, हिरे आणि देवळालीच्या सरोज अहिरे, आणि एकीचीही जागा महिलांसाठी राखीव नाही. त्या जागा पुढच्या प्रत्येक पुनर्रचनेनंतर फिरणार. म्हणजे 'गड' बांधणाऱ्यांच्या पायाखालून आणखी एक सतरंजी ओढली जाणार.

'मग जुने निकाल फेकून द्यायचे का?'

नाही. फक्त योग्य उंचीवरून वाचायचे. मतदारसंघाच्या नावाऐवजी गाव आणि बूथ धरायचं. प्रत्येक निवडणुकीनंतर 'नमुना २०' नावाचा तक्ता निघतो, त्यात बूथवार मतं असतात. जिल्ह्याच्या निवडणूक कार्यालयाकडे किंवा मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. बूथचे क्रमांकही बदलतात, पण शाळेचं नाव सहसा तेच राहतं. अमुक जिल्हा परिषद शाळा, खोली क्रमांक दोन. तोच तुमचा खरा सर्व्हे नंबर. आणि कोणी १९९५चा आकडा तोंडावर फेकला तर एकच विचारायचं, तेव्हा तुझं गाव कोणत्या मतदारसंघात होतं? निम्मे वाद तिथेच मिटतात. उरलेल्या निम्म्यांसाठी चहा सांगावा लागतो.

गेल्या विधानसभेला अण्णांना घेऊन मी बूथवर गेलो. टेबलाशी बसलेल्या पोराने कार्ड उलटंपालटं करून बघितलं. 'काका, यावर नुसतं नाशिक आहे. हा मतदारसंघ आता राहिला नाही.'

अण्णांनी चष्मा वर सरकवला. 'यादीत नाव आहे का बघ.'

नाव होतं. पोराने पट्टी ठेवून लाल पेनाने ओळ मारली, शेजारच्या बाईंनी बोटाला शाई लावली आणि अण्णा कार्ड परत पाकिटात ठेवून आत गेले.